नात्यातलं माणूस ख्रिस्ती नसेल तर प्रार्थना कुठं करावी: खोलीत, खाटेपाशी की मंडळीत?

समजा, नणंदेचं ऑपरेशन आहे. ती चतुर्थ्या धरणारी आणि तुम्हाला तिच्यासाठी प्रार्थना करायची आहे. करावी की नाही, हा प्रश्नच नाही. बायबलमधल्या, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रेषित पौल 'सर्व माणसांसाठी' विनंत्या आणि मध्यस्थी करायला सांगतो, त्यात बाप्तिस्म्याचा दाखला मागितलेला नाही. कफर्णहूमचा शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांवरचा अधिकारी, परराष्ट्रीय होता, तरी येशूनं त्याचा चाकर बरा केलाच. घोळ होतो तो पुढं: कुठं, कुणाच्या देखत आणि नेमकं काय मागून. माझं माहेर नगरकडचं प्रॉटेस्टंट आणि सासर वारकरी. त्यामुळे तिन्ही प्रकार करून झाले आहेत. एकात तोंडावर आपटले, तेही सांगते.

खोलीत, दार लावून

मत्तयाच्या सहाव्या अध्यायातली ही जागा सगळ्यात सोपी. कुणाची परवानगी लागत नाही, आणि मागायचं ते मोकळेपणानं मागता येतं. 'तिनं प्रभूला ओळखावं' हेसुद्धा. पौल रोमकरांस पत्रात आपल्या भाऊबंदांसाठी हेच मागतो, तेव्हा या इच्छेची लाज वाटायचं कारण नाही. फक्त ती खोलीतच राहू द्यावी, असं माझं मत आहे.

संत मोनिकाचं उदाहरण आपल्याकडे फार दिलं जातं, पण अर्धंच. चौथ्या शतकातली ही उत्तर आफ्रिकेतली बाई. नवरा मूर्तिपूजक, मुलगा ऑगस्टिन भलत्याच पंथात. तिनं वर्षानुवर्षं रडून प्रार्थना केली आणि 387 साली मिलानमध्ये मुलाचा बाप्तिस्मा झाला, एवढं सगळे सांगतात. मधली गोष्ट सांगत नाहीत. ती एका बिशपकडे गेली होती, 'माझ्या मुलाला जरा समजवा' म्हणून. बिशपनं साफ नकार दिला. तो आत्ता ऐकायच्या मनःस्थितीत नाही, त्याला राहू दे, तू फक्त प्रार्थना कर, असं तिला सांगितलं. ती तरी पिच्छा सोडेना, तेव्हा बिशप वैतागलाच.

आपल्या घरचं उदाहरण कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं. त्यांचा बाप्तिस्मा 1895 चा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या त्या पाचएक वर्षांनी, आणि स्वतःच्या विचारानं. मधल्या वर्षांतली ताटातूट ज्यांना ठाऊक आहे, ते घरच्या माणसाला घाई करणार नाहीत.

या प्रकारात खोट एकच. आपण दार लावून प्रार्थना करतो आणि तेवढ्यावर समाधान मानून फोन करायचं विसरतो. शिवाय खोलीतली प्रार्थना कधी चहाडी होऊन बसते, कळतही नाही: 'प्रभू, तिला सुबुद्धी दे, परवा ती मला काय बोलली ते तू ऐकलंसच.'

खाटेपाशी, तिच्यासमोर

माझं झुकतं माप याला आहे, पण अटी कडक.

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. सकाळी सिस्टरनं सांगितलं, अंगावरचं सगळं काढा. बांगड्या निघाल्या, मंगळसूत्र निघालं. तुळशीची माळ काढताना मात्र त्या थांबल्या. मग माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "सांभाळ गं." मी विचारलं, "आई, प्रार्थना करू का? नको असेल तर मनात करीन." त्या म्हणाल्या, "कर की. पण मोठ्यानं कर, काय मागतेस ते कळू दे." माळ माझ्या मुठीतच होती. मी चार वाक्यं म्हटली: डॉक्टरांचा हात स्थिर असू दे, भूल नीट उतरू दे, दुखणं सोसवेल एवढंच असू दे, आईंची भीती जाऊ दे. येशूच्या नावानं मागते, आमेन. त्यांनी डोळे उघडले. "झालं? एवढंच?" आमच्या मामांच्या लांबलचक प्रार्थना त्यांनी बारशांना ऐकल्या होत्या, त्यामुळे त्या बिचाऱ्या तयारीनं पडल्या होत्या.

विचारल्याशिवाय सुरू करू नका. आणि विचारताना 'नको' म्हणायला वाट ठेवा. चार नातेवाइकांसमोर विचारलं तर ती भिडेपोटी 'हो' म्हणेल. आजारी माणूस उठून बाहेर जाऊ शकत नाही, हे सतत ध्यानात ठेवायचं. बाप्तिस्मा, पाप, तारण यातला एक शब्दही तिथं नको. 'तिला बरं कर म्हणजे ती तुझी साक्ष देईल' हे तर नकोच. हा उलटा नवस झाला, आणि तोही दुसऱ्याच्या जिवावर. येशूचं नाव मात्र मी गाळत नाही. मी कोण आहे हे सासूबाईंना ठाऊक आहे; उगाच मोघम 'हे देवा' म्हणून काय लपवायचं?

कॅथलिक घरात आणखी एक प्रश्न येतो: फादरना बोलवावं का? बोलवायला हरकत नाही, पण रुग्णांचा तैलाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार, बाप्तिस्मा न झालेल्याला मिळत नाही. आशीर्वाद आणि प्रार्थना मिळते. हे आधी माहीत असलं की ऐनवेळी कुणाचा विरस होत नाही.

मंडळीत, नाव देऊन

आपटले ती इथं. धाकट्या दिरांची दारू वाढली होती. बुधवारच्या प्रार्थनासभेत मी नावानिशी विनंती दिली. चौथ्या दिवशी ते दारात उभे: "वहिनी, तुमच्या चर्चमध्ये माझ्या दारूचा जप चालतो म्हणे." कुणी सांगितलं ते मी शोधलं नाही, कारण तोंड माझंच उघडलं होतं. पुढं दिवाळीलाही ते आले नाहीत. आता मी 'घरातल्या एका माणसासाठी' एवढंच म्हणते. देवाला नाव ठाऊक आहे, बाकीच्यांना कशाला?

कॅथलिक चर्चमध्ये कुणासाठी मिस्सा, म्हणजे वेदीवरची मुख्य उपासना, द्यायची असेल तर चर्चचा कायदा आड येत नाही. कोणत्याही जिवंत वा मृत व्यक्तीसाठी फादर मिस्सा अर्पण करू शकतात, ती ख्रिस्ती नसली तरी. पण नाव मोठ्यानं वाचलं जाणार का, हे आधी विचारून घ्या आणि नको असेल तर 'विशेष हेतू' लिहायला सांगा. शुभ शुक्रवारच्या विनंत्यांत ख्रिस्तावर विश्वास नसलेल्यांसाठीही एक विनंती असते, आणि ती कुणाचंही नाव न घेता.

नणंद स्वतःच 'मला ने' म्हणाली तर गोष्ट वेगळी. माहीमच्या चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेना-प्रार्थनेला, बांद्र्याच्या मोत माउलीला, हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला कितीतरी हिंदू आपणहून जातात. न्या, मेणबत्ती लावू द्या. त्यावरून घरी येऊन हिशेब मांडू नका.

मग निवड कशी करायची

ती दूर असेल, किंवा धर्मावरून आधी कधी खटका उडाला असेल, तर खोलीच बरी. जवळीक असेल आणि तिनं होकार दिला असेल तर खाट. मंडळीत न्यायची ती फक्त तिला ठाऊक असलेली गोष्ट, तीही तिला विचारून. दोघींनी मिळून प्रार्थना करावी का, असंही कुणी विचारतं. 1986 साली असिसीला पोप जॉन पॉल दुसरे यांनी निरनिराळ्या धर्मांच्या लोकांना बोलावलं, तेव्हा त्यांची भूमिका अशी होती की प्रार्थनेसाठी एकत्र यायचं, पण एकच प्रार्थना करायची नाही. आमच्याकडे संध्याकाळी तसंच चालतं. सासूबाईंचा हरिपाठ होईपर्यंत मी बसते, माझं होईपर्यंत त्या वाती वळतात.

आणि नणंद 'नको' म्हणाली तर 'बरं' म्हणा, थर्मासमध्ये चहा उरलाय का बघा, आणि जिन्यात जाऊन करा.