कासव घ्यायला जाताय? आधी हे वाचा (५ पैकी २ स्टार)
कर्वे रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका फिश टँकवाल्याकडून मागच्या वर्षी लेकीच्या हट्टापायी लिंबाएवढं कासव आणलं, डोळ्यामागे लाल पट्टीवालं, रेड इअर्ड स्लायडर. दुकानदार म्हणाला एवढंच राहतं, काचेचा बाऊल पुरेल, रोज दाणे टाका बास. साफ चुकीचं! मादीचं कवच 25-30 सेंमीपर्यंत वाढतं आणि नीट सांभाळलं तर 20-30 वर्षं जगतं, लेक माझी आत्ता 7 वर्षांची आहे, करा हिशोब.

टँक, फिल्टर चांगला दिला, रेटही ठीक. पण यूव्हीबी दिव्याचं (उन्हासारखे अतिनील किरण देणारा दिवा) नावच काढलं नाही. या प्राण्याला पाण्याबाहेर येऊन पूर्ण कोरडं व्हायला जागा लागते, यूव्हीबी नाही मिळालं तर अंगात व्हिटॅमिन डी३ तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही, कवच मऊ पडतं. आमच्याचं बोटाने दाबलं तर दबायला लागलं होतं, काळजात चर्र झालं हो. डॉक्टरांनी दिवा लावायला सांगितला, खाणं बदललं, आता बरंय. दुपारी दगडावर चढून मागचे पाय लांब ताणून बोटं फाकवून पडतं, बघत बसावंसं वाटतं.

आणि प्लीज, मोठं झालं म्हणून मुठा नदीत नाहीतर पाषाण तलावात सोडू नका, हे मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्याकडचं, आपल्या कासवांचं खाणं आणि ऊन खायची जागा बळकावतं. हात लावला की साबणाने धुवा, साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) असू शकतो, पोरांना तर नक्की सांगा.