रॅम्प भारी, पण पुस्तकं मुकी
मामाला दिसत नाही, म्हणून त्याच्यासोबत वेस्ट नागपूरच्या एका लायब्ररीत जाऊन राहिलो सध्या. रॅम्प मस्त, लिफ्टला ब्रेल बटणं, स्टाफ एकदम भला. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलंय, ते फुकटच असतं अन् मराठी पण वाचतं, पण मराठी पुस्तकं नुसती स्कॅन करून पीडीएफ ठेवली म्हणजे सॉफ्टवेअरसाठी तो फोटोच ना, मामा हेडफोन लावून बसला अन् आवाजच नाही! ओसीआर करा ना भाऊ, म्हणजे फोटोतली अक्षरं वाचता येणारा मजकूर होतील, काहून अर्धवट काम? कॉम्प्युटरवरच्या कॅटलॉगमध्ये पण बटणांना नावाचं लेबल नाही, नुसतं "बटन, बटन" ऐकू येतं. सध्या घरूनच सुगम्य पुस्तकालयावर, म्हणजे न दिसणाऱ्यांसाठीच्या ऑनलाइन लायब्ररीवर भागवून राहिला तो, २०१६ पासून आहे ते, मेंबर व्हावं लागतं. तीन स्टार, ते पण रॅम्प अन् स्टाफचे.