ड्युअल २ ओहम की ड्युअल ४ ओहम: सबवूफर आणि ॲम्प्लिफायरचा मेळ

गाडीतल्या सबवूफरचे, म्हणजे खर्जाचा आवाज काढणाऱ्या मोठ्या स्पीकरचे, एकच मॉडेल अनेक कंपन्या दोन रूपांत विकतात. एकात २ ओहमच्या दोन व्हॉइस कॉइल (स्पीकरचा शंकूसारखा पडदा, म्हणजे कोन, हलवणारी तारेची वेटोळी) असतात, दुसऱ्यात ४ ओहमच्या दोन. कोन तोच, चुंबक तेच, आरएमएस वॅट, म्हणजे सतत मिळणारे वॅट, सोसण्याची क्षमता तीच आणि बॉक्सचे मापही जवळजवळ तेच असते, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून सारख्याच वॅटवर वाजवले तर कोणते कोणते हे कानाने सांगणे कठीण. तरीही घेणारा नेमका इथेच अडतो, आणि त्याने अडावेच. कारण तारा जोडल्यानंतर ॲम्प्लिफायरला किती ओहमचा भार दिसणार हे या निवडीवर ठरते, आणि ॲम्प्लिफायर किती वॅट देणार, किती तापणार की मध्येच बंद पडणार, हे त्या भारावर. म्हणून आधी ॲम्प्लिफायर ठरवावा, त्याच्या माहितीपत्रकातील ओहमनिहाय वॅटचे आकडे समोर ठेवावेत आणि मग कॉइल निवडावी, असे माझे मत आहे. बहुतेक लोक उलट क्रमाने जातात आणि मग जोडणीच्या आकृत्या शोधत बसतात.

हिशेब शाळेतल्या विज्ञानाचाच आहे. एकसर जोडणीत, म्हणजे एका कॉइलचे ऋण टोक दुसरीच्या धन टोकाला बांधले असता, रोधांची बेरीज होते. समांतर जोडणीत, म्हणजे धन टोके एकत्र आणि ऋण टोके एकत्र बांधली असता, सारख्या रोधाला कॉइलच्या संख्येने भागायचे. नेहमीच्या जोड्यांचा भार त्यावरून असा निघतो (आकडे ओहममध्ये):

| सबवूफर | सर्व समांतर | मिश्र | सर्व एकसर |
|---|---|---|---|
| एक, ड्युअल २ | १ | – | ४ |
| एक, ड्युअल ४ | २ | – | ८ |
| दोन, एकेरी कॉइल ४ | २ | – | ८ |
| दोन, ड्युअल २ | ०.५ | २ | ८ |
| दोन, ड्युअल ४ | १ | ४ | १६ |

मिश्र जोडणीत प्रत्येक सबवूफरच्या दोन कॉइल आपसांत एकसर जोडतात आणि मग दोन्ही सबवूफर एकमेकांना समांतर लावतात.

तक्त्यातली दुसरी ओळ पुष्कळांना चकवते. ड्युअल ४ ओहमच्या एका सबवूफरमधून दोन्ही कॉइल वापरून ४ ओहमचा भार निघतच नाही. २ किंवा ८, एवढेच. एक कॉइल मोकळी ठेवून ४ मिळवण्याची युक्ती काही जण करतात, पण मग उष्णता सोसण्याची क्षमता साधारण निम्म्यावर येते आणि कोनला आवरून धरणारी विद्युतचुंबकीय पकडही सैल पडते, त्यामुळे ज्या आकड्यांवरून बॉक्सचे माप काढले ते आकडेच बदलतात. त्या वाटेला न जाणे बरे.

एक ओहमपर्यंत चालणारा मोनोब्लॉक (एकाच चॅनलचा ॲम्प्लिफायर) असेल तर

ॲम्प्लिफायर ठरावीक व्होल्ट देतो आणि भार जितका कमी ओहमचा, तितकी विद्युतधारा अधिक वाहते. २० व्होल्टला ४ ओहमवर ५ ॲम्पिअर आणि १०० वॅट, २ ओहमवर १० ॲम्पिअर आणि २०० वॅट, १ ओहमवर २० ॲम्पिअर आणि ४०० वॅट, असा कागदावरचा हिशेब आहे. प्रत्यक्षात ॲम्प्लिफायरचा वीजपुरवठा विभाग दर वेळी दुप्पट धारा पुरवू शकत नाही, म्हणून माहितीपत्रकातले आकडे दुपटीपेक्षा कमीच वाढतात. उदाहरणापुरता असा मोनोब्लॉक धरू, जो ४ ओहमवर ४०० वॅट, २ ओहमवर ७०० वॅट आणि १ ओहमवर १००० वॅट देतो.

आता सबवूफर ६०० वॅट आरएमएसचा आहे असे समजा. ड्युअल २ घेतला तर समोर १००० किंवा ४०० वॅट, हे दोनच पर्याय राहतात: एक फार, दुसरा अपुरा. ड्युअल ४ समांतर लावला तर ७०० वॅट मिळतात, म्हणजे गेन (येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारी ॲम्प्लिफायरवरची खुंटी) जरा खाली ठेवून सबवूफरला हवे तेवढे, आणि ॲम्प्लिफायरही त्याच्या सीमेपासून एक पायरी अलीकडे चालतो. मी इथे निःशंकपणे ड्युअल ४ घेईन. सबवूफर १००० वॅट आरएमएसचा असेल तर मात्र ड्युअल २ समांतर लावून १ ओहमवर चालवणे रास्त आहे, कारण त्याच कामासाठी तो ॲम्प्लिफायर बनवला आहे.

पण ७०० आणि १००० वॅटमध्ये आवाजाचा फरक किती, हेही विचारात घ्यावे. तो सुमारे दीड डेसिबल भरतो. वॅट दुप्पट केले तरी ३ डेसिबलच वाढतात, आणि ३ डेसिबल म्हणजे ‘हो, वाढला खरा’ असे वाटण्याइतकाच फरक. दीड डेसिबलसाठी ॲम्प्लिफायरला तळाच्या ओहमवर राबवायचे का, हा प्रश्न ज्याने त्याने सोडवावा. माझे उत्तर बहुतेक वेळा नकाराचेच असते.

दोन किंवा चार चॅनलचा ॲम्प्लिफायर ब्रिज करायचा असेल तर

इथे निकाल उलटतो. दोन चॅनल ब्रिज केले, म्हणजे एकाच भाराला एकत्र जुंपले, की प्रत्येक चॅनलला जोडलेल्या भाराचा निम्माच भार दिसतो. म्हणजे ४ ओहमचा सबवूफर ब्रिजवर लावला तर आतला प्रत्येक चॅनल २ ओहमवर काम करत असतो, आणि असे बहुतेक ॲम्प्लिफायर प्रत्येक चॅनलला २ ओहमपर्यंतच चालतात. म्हणून त्यांच्यावर ‘ब्रिज: किमान ४ ओहम’ असे छापलेले असते. ड्युअल २ एकसर लावला की बरोबर ४ मिळतात आणि प्रश्न सुटतो. ड्युअल ४ समांतर लावून २ ओहम ब्रिजवर दिले, तर प्रत्येक चॅनलच्या वाट्याला १ ओहम येतो. ॲम्प्लिफायर काही वेळ चालेल, मोठ्या आवाजाला प्रोटेक्टचा (स्वसंरक्षणाचा) लाल दिवा लागेल, आणि रोज तसेच केले तर एक दिवस तो दिवाही लागणार नाही. एकसर लावून ८ ओहम दिले तर धोका नाही, पण ताकद वाया जाते.

ड्युअल ४ आधीच घरात येऊन पडला असेल आणि ॲम्प्लिफायर दोन चॅनलचा असेल, तर ब्रिज न करता एक कॉइल डाव्या चॅनलला आणि दुसरी उजव्याला लावता येते. प्रत्येक चॅनलला ४ ओहम दिसतात. दोन्ही चॅनलना एकच मोनो सिग्नल मिळाला पाहिजे आणि दोघांचे गेन तंतोतंत सारखे हवेत, एवढी अट पाळावी. वॅट ४ ओहमच्या ब्रिजपेक्षा कमी मिळतील, पण काही जळणार नाही.

कमी ओहमची किंमत कुठे मोजावी लागते

सबवूफरला ६०० वॅट द्यायचे आहेत, भार कोणताही असो. ४ ओहमवर त्यासाठी ४९ व्होल्ट आणि सव्वाबारा ॲम्पिअर लागतात. १ ओहमवर साडेचोवीस व्होल्ट आणि साडेचोवीस ॲम्पिअर. धारा दुप्पट झाली की तारेत वाया जाणारी ऊर्जा चौपट होते. १४ गेजची तांब्याची तार मीटरला साधारण ८.३ मिलिओहम रोध दाखवते. ॲम्प्लिफायरपासून बॉक्सपर्यंत दोन मीटर अंतर धरले, तर जाऊन-येऊन चार मीटर तारेत १ ओहमच्या जोडणीत सुमारे २० वॅट जातात आणि ४ ओहमच्या जोडणीत सुमारे ५. दोन्ही आकडे भयंकर नाहीत, पण १ ओहमवर १२ गेजची तार घ्यावी (गेजचा आकडा लहान, तितकी तार जाड), आणि तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची तार असेल तर आणखी जाड. खरा भार बॅटरीच्या बाजूला येतो. ४ ओहमवर ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता ८५ टक्के आणि १ ओहमवर ७० टक्के धरली, तर १३.८ व्होल्टला त्याच ६०० वॅटसाठी अनुक्रमे सुमारे ५१ आणि ६२ ॲम्पिअर ओढले जातात. मधले अकरा ॲम्पिअर निव्वळ उष्णता होऊन ॲम्प्लिफायरच्या धातूच्या अंगातून बाहेर पडतात, आणि तो सीटखाली कोंडलेला असेल तर बाहेरही पडत नाहीत. संगीतात सरासरी धारा याहून बरीच कमी असते, हे मात्र खरे.

कमी ओहमवर आवाज ‘सैल’ होतो, असेही पुष्कळ ऐकू येते. त्यामागे डॅम्पिंग फॅक्टरचा, म्हणजे भाराचा रोध ॲम्प्लिफायरच्या अंतर्गत रोधाच्या किती पट आहे याचा, आकडा आहे, जो ४ ओहमवर २०० असेल तर १ ओहमवर ५० होतो. पण कॉइलचा स्वतःचा रोध त्याच मंडलात बसलेला असतो आणि त्यापुढे ॲम्प्लिफायरचा अंतर्गत रोध नगण्य ठरतो. हा फरक कानाला कळतो, असे मला वाटत नाही. सैल वाटणाऱ्या आवाजाचे मूळ बहुधा बॉक्समध्ये, नाहीतर व्होल्ट कोसळणाऱ्या बॅटरीच्या तारेत असते.

याउलट एक गोष्ट कमी ओहमच्या बाजूने सांगितली जाते: बॉक्समध्ये बसवलेल्या सबवूफरचा रोध वारंवारतेनुसार बदलतो आणि अनुनादाच्या (ज्या वारंवारतेला कोन सहज डोलतो तिच्या) जवळ छापील आकड्याच्या कितीतरी पट चढतो, तेव्हा १ ओहमची जोडणी खऱ्या अर्थाने १ ओहम राहतच नाही. हे बरोबर आहे. मात्र त्याच्या भरवशावर १ ओहमच्या ॲम्प्लिफायरवर ०.५ ओहम लावणे चूक आहे, कारण इतर काही वारंवारतांवर तो रोध पुन्हा कॉइलच्या मूळ रोधाजवळ उतरतो.

मीटर खरे सांगतो, पण सगळे सांगत नाही

जोडणी झाल्यावर तारा ॲम्प्लिफायरला लावण्याआधी त्यांच्या टोकांवर मल्टीमीटर धरावा. दिसणारा आकडा छापील आकड्यापेक्षा थोडा कमी असतो. ४ ओहमची कॉइल साधारण ३.२ ते ३.६ दाखवते, कारण मीटर फक्त एकदिश रोध मोजतो. मीटरच्या दोन सुया एकमेकींना टेकवल्यावर जो आकडा दिसतो तो वजा करावा. १ ओहमच्या जोडणीत ते ०.२ ओहमही दिशाभूल करतात.

एकदा मी ड्युअल ४ समांतर लावला, मीटरने १.७ दाखवले, आणि समाधानाने बॉक्स डिकीत स्क्रूने आवळला. गाणे लावल्यावर कोन जेमतेम थरथरत होता. मी गेन वाढवला, आणखी वाढवला. काही मिनिटांत तापलेल्या वार्निशचा करपट वास मागच्या सीटपर्यंत आला. एका कॉइलची धन आणि ऋण टोके मी उलट बांधली होती. रोधाला दिशा नसते, म्हणून मीटरला ते कळण्याचा प्रश्नच नव्हता; दोन कॉइल मात्र कोनला विरुद्ध दिशांना ढकलत होत्या, कोन जागचा हलत नव्हता आणि सगळे वॅट उष्णता होऊन कॉइलमध्येच मुरत होते. तेव्हापासून मी मीटरनंतर ९ व्होल्टची बॅटरी क्षणभर टेकवतो. धनाला धन टेकवल्यावर कोन स्पष्टपणे बाहेर आला पाहिजे, आणि सबवूफर दोन असतील तर दोन्हींचे. नुसता थरथरला तर टोके पुन्हा तपासावीत.

जोडणी बदलली की गेनही नव्याने लावावा लागतो, हे विसरणारे बरेच आहेत. ६०० वॅटसाठी ४ ओहमवर ४९ व्होल्ट, २ ओहमवर सुमारे ३४.६ आणि १ ओहमवर साडेचोवीस व्होल्ट हवेत. ४ ओहमसाठी लावलेला गेन तसाच ठेवून तारा १ ओहमच्या केल्या, तर ॲम्प्लिफायरकडे २४०० वॅटची मागणी केल्यासारखे होते. तो ते देऊ शकत नाही, पण प्रयत्न करतो.

छापील वॅटवर किती विसंबावे

‘मॅक्स’ आणि ‘पीक’ हे आकडे तुलनेसाठी निरुपयोगी आहेत. सीटीए-२००६ या मानकानुसार मोजलेला आकडा असेल तर तो १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्क्याच्या आत विकृती अशा ठरलेल्या परिस्थितीतला असतो, म्हणून दोन ॲम्प्लिफायर त्यावरून शेजारीशेजारी ठेवता येतात. तो नसेल तर अंगावरचे फ्यूज पाहावेत. ३० ॲम्पिअरचा एकच फ्यूज असेल, तर १३.८ व्होल्ट आणि ८० टक्के कार्यक्षमता धरून हिशेब ३३० वॅटच्या आसपास थांबतो, मग खोक्यावर काहीही छापलेले असो.

पुढेमागे दुसरा सबवूफर जोडायचा विचार असेल, तर तो आजच्या कॉइलच्या निवडीतच धरावा. वरच्याच मोनोब्लॉकवर आज एक ड्युअल ४ लावला तर २ ओहमवर ७०० वॅट मिळतात, आणि दुसरा आल्यावर चारही कॉइल समांतर लावून १ ओहमवर १००० वॅट, म्हणजे प्रत्येकी ५००. ड्युअल २ घेतला तर आज १ ओहमवर १००० वॅट आहेत, पण दुसरा आल्यावर ०.५ ओहम वर्ज्य असल्यामुळे मिश्र जोडणीने २ ओहमवर यावे लागते, एकूण वॅट ७०० वर उतरतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला ३५० येतात.