दुबई मेट्रो: एकट्या बाईने रात्री प्रवास करावा का?

बिनधास्त करावा. मी बनियास स्क्वेअरजवळ एकटीच मुक्कामाला होते आणि मॉलमधून परतायला रात्रीचे साडेदहा सहज वाजायचे. बुर्ज खलिफा स्टेशनवरून रेड लाइन, युनियनला बदलून ग्रीन लाइन. नवऱ्याचे काळजीचे फोन पहिल्याच रात्री थांबले!

स्त्रिया आणि मुलांसाठी वेगळा डबा असतो. फलाटावर गुलाबी खुणा, आत जमिनीवर गुलाबी पट्टा. मध्ये भिंत किंवा दार नाही, गाडी आरपार मोकळी. पुरुषाने पट्टा ओलांडला तर 100 दिरहम दंड. एकदा हेडफोन लावलेला एक तरुण आत येऊन उभा राहिला. समोरच्या बाईने काही न बोलता बोटाने जमिनीकडे दाखवलं. तो ‘सॉरी’ म्हणत लगेच मागे सरकला. ना आवाज चढला, ना कुणी तिच्याकडे वळून पाहिलं. मला हे फार मोलाचं वाटलं, कारण बाईने हटकलं की वाद होणार, हेच आपण गृहीत धरतो.

या डब्याला जादा भाडं नाही, साधं सिल्व्हर नोल कार्ड (भाडं भरायचं कार्ड) चालतं. त्याच कार्डावर गोल्डच्या, म्हणजे महागड्या वर्गाच्या, डब्यात शिरू नका, दंड होतो. 2009 पासून ही मेट्रो ड्रायव्हरविना धावते. फलाटालाही काचेची दारं आहेत, त्यामुळे गर्दीत रुळांवर पडायची धास्ती नाही.

संध्याकाळी डबा तुडुंब भरतो. आणि मेट्रो रात्रभर नसते. उशीर झालाच तर गुलाबी टपाच्या टॅक्सी आहेत, त्या बायकाच चालवतात.