देणगी एका मिनिटात घेतली, टॅक्ससाठी लागणारं १०बीई सर्टिफिकेट मिळायला ऑगस्ट उजाडला

एका ट्रस्टच्या ऑनलाइन देणगीच्या सोयीबद्दल लिहितेय. नाव देत नाही, कारण त्यांचं काम खरंच चांगलं आहे, गावाकडच्या मुलींसाठी वसतिगृह चालवतात आणि मी स्वतः जाऊन बघून आलेय. पण ८०जीच्या, म्हणजे देणगीवर इन्कम टॅक्समध्ये मिळणाऱ्या वजावटीच्या, बाबतीत जो त्रास झाला तो बाकीच्यांना होऊ नये.

आईच्या वर्षश्राद्धाला, जानेवारी २०२५ मध्ये, त्यांच्या वेबसाइटवरून १०,००० रुपये दिले. यूपीआयने पेमेंट केलं आणि मिनिटभरात मेलवर पावती आली, वर आईचं नाव, खाली ट्रस्टचा पॅन आणि ८०जीचा नंबर, बघून डोळे भरून आले. त्याच दिवशी मामांनी वसतिगृहात जाऊन ५,००० रोख दिले, त्यांनाही छान शिक्का मारलेली पावती मिळाली. पण २,००० च्या वर रोख दिलं की ८०जीत एक रुपयाही धरत नाहीत, हे तिथे त्यांना कोणी बोललंच नाही. चेक घेता आला असता की! धान्य, चादरी वगैरे वस्तू दिल्या तरी वजावट नसते, तेही तिथे कुठेच लिहिलेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. नुसत्या पावतीवर भागत नाही. संस्थेने वर्षभरातल्या देणगीदारांची यादी फॉर्म १०बीडीमध्ये इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर भरायची असते आणि तिथून निघालेलं १०बीई सर्टिफिकेट आपल्याला द्यायचं असतं, दोन्हीची मुदत ३१ मे. मी जूनभर वाट बघितली, मग फोन केला तर ऑफिसमधले काका म्हणाले, "अहो ताई, पावती आहे ना तुमच्याकडे, तेवढी पुरते." नाही पुरत काका! रिटर्नमध्ये ८०जीच्या तक्त्यात १०बीईवरचा एआरएन, म्हणजे पोच क्रमांक, टाकावा लागतो, तो पावतीवर नसतो.

तीन फोन आणि दोन मेल झाल्यावर कळलं की माझं नाव यादीत गेलंच नव्हतं. का, तर वेबसाइटच्या फॉर्मवर पॅनचा रकाना ऐच्छिक ठेवलाय, मी घाईत रिकामा सोडला आणि पॅन नाही म्हणून त्यांनी माझी एंट्रीच वगळली, आणि एक मेल करून मला विचारलंही नाही. याचा मला सगळ्यात जास्त राग आला. शेवटी त्यांच्या अकाउंट्समधल्या मुलीने मनावर घेतलं, सुधारित १०बीडी भरलं आणि ऑगस्टमध्ये १०बीई हातात पडलं. त्या वर्षी रिटर्नची मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढली होती म्हणून बरं, नेहमीची ३१ जुलै असती तर या वजावटीसाठी नंतर सुधारित रिटर्न भरत बसावं लागलं असतं.

अजून एक खटकलं, वेबसाइटवर मोठ्या अक्षरात "१०० टक्के टॅक्स बेनिफिट" लिहिलंय. असं नसतं हो. पीएम केअर्स किंवा मुख्यमंत्री सहायता निधीसारख्या ठिकाणी पूर्ण रक्कम धरतात, अशा ट्रस्टला दिलेल्या पैशांपैकी निम्मी, आणि त्यालाही उत्पन्नाच्या हिशोबाने मर्यादा आहे. माझ्या १०,००० पैकी ५,००० उत्पन्नातून वजा झाले, मी २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये, म्हणजे सेस धरून वाचले १,०४० रुपये. तेही होम लोनमुळे मी अजून टॅक्सच्या जुन्या रेजीममध्ये, म्हणजे जुन्या करपद्धतीत, आहे म्हणून, नव्या रेजीममध्ये ८०जी मिळतच नाही. माझ्या ऑफिसात निम्म्या लोकांना हे माहीत नव्हतं.

कुणी म्हणेल हजार रुपयांसाठी एवढं काय. पण ते हजार परत त्याच मुलींच्या वह्यापुस्तकांना देता येतात, आणि माझं नाव यादीतून गळतं तर अजून किती जणांची गळत असतील? लोक विश्वासाने पैसे देतात, त्यांचा कागद सांभाळणं हे पण सेवेचंच काम आहे.

कामाला पाच पैकी पाच, देणगीच्या सोयीला दोन. तो पॅनचा रकाना कंपल्सरी करा असं मी त्यांना लेखी कळवलंय, परवा बघितलं तर अजून ऐच्छिकच आहे. तोवर तिथे देणार असाल तर पॅन आठवणीने भरा आणि जून उजाडला की १०बीई मागून घ्या.