त्राकायची भाड्याची सिंगल स्कल: बोट उत्तम, पण आमच्या मापाची नव्हे

ऑगस्ट २०२५ मध्ये लिथुआनियातील त्राकाय येथे १९ वर्षांखालील मुलामुलींची जागतिक रोइंग स्पर्धा झाली. तीत आमची मुलगी उतरली होती आणि तिच्यासाठी आम्ही तेथेच एक सिंगल स्कल, म्हणजे एकाच खेळाडूने दोन वल्ह्यांनी चालवायची अरुंद बोट, वल्ह्यांसह भाड्याने घेतली होती. हे परीक्षण त्या बोटीचे आणि ती पुरवणाऱ्या सेवेचे आहे. तक्रार असल्यामुळे कंपनीचे नाव देत नाही, आणि मुलगी अजून शाळेत असल्याने ती कोणत्या देशाकडून खेळली हेही सांगत नाही. आम्ही राहतो तो देश या खेळात लहान आहे, एवढे पुरे. मोठे संघ आपल्या बोटी लांबलचक ट्रेलरवर लादून युरोपभर फिरवतात. आमच्यासारख्यांना मात्र आठ मीटर लांबीची बोट विमानात घालता येत नाही, त्यामुळे भाड्यावाचून गत्यंतर नसते.

बोट हातात आली तेव्हा प्रथमदर्शनी नाव ठेवायला जागा नव्हती. ती कार्बनची होती, तिचा तळ गुळगुळीत होता, सीटची चाके आवाज न करता धावत होती आणि टोकावरचा पांढरा रबरी चेंडू घट्ट बसलेला होता. सिंगल स्कलचे वजन किमान १४ किलो असावे असा नियम आहे. आमची बोट तराजूवर त्याहून जेमतेम थोडी अधिक भरली, म्हणजे विनाकारण ओझेही नव्हते.

खरी अडचण रिगरजवळच्या, म्हणजे बोटीच्या बाहेर वल्हे पेलणाऱ्या दांड्यांजवळच्या, छोट्या पट्टीवर लिहिलेली होती. अशा बोटींचा तळ खेळाडूच्या वजनानुसार बेतलेला असतो. मागणी नोंदवताना आम्ही मुलीचे वजन ५८ किलो कळवले होते आणि त्याला होकारही मिळाला होता, परंतु प्रत्यक्षात ७० ते ८० किलोच्या खेळाडूसाठीची बोट समोर आली. थोरल्या भावाचा सदरा धाकटीला घालावा, तसा हा प्रकार होता. हलकी मुलगी अशा बोटीत बसली की बोट पुरेशी पाण्यात बसत नाही, वल्ह्यांच्या मुठी छातीच्या वर येतात आणि बाजूचा वारा उघड्या राहिलेल्या कडेला ढकलत राहतो. मी स्वतः पुण्यात मुळा नदीवर वल्हवायला शिकलो त्या काळी बोटीला आपणच जुळवून घ्यायचे असते, अशी माझी समजूत होती. त्यामुळे सुरुवातीला मुलीची कुरकुर मी फारशी मनावर घेतली नाही. सरावाच्या पहिल्याच दुपारी ती दोनदा लेनच्या दोरीवर गेली, तेव्हा माझे डोळे उघडले.

तक्रार केल्यावर दुसरी बोट शिल्लक नसल्याचे उत्तर मिळाले. मात्र कंपनीच्या तंत्रज्ञाने जे केले त्याला तोड नाही. त्याने बोट जमिनीवरच्या स्टँडवर ठेवली, मुलीला तीत बसवले आणि वल्हे ज्या गेटमध्ये फिरते त्याच्या खालच्या प्लास्टिकच्या चकत्या एकेक करून काढून वर घातल्या. प्रत्येक वेळी तो तिला मूठ पोटाजवळ आणायला सांगे आणि दोन बोटांनी अंतर पाही. चौथ्या चकतीनंतर मुलगी प्रथमच हसली. बुटांचे प्रकरण त्याहून सोपे निघाले. बोटीतले बूट ४४ मापाचे होते आणि आम्ही तिचे ३८ मापाचे बूट घरूनच आणले होते, त्यामुळे तीन स्क्रूंचे काम उरले. भाड्याची बोट घेणाऱ्या पालकांनी आपले बूट आणि १० नंबरचा पाना हातातल्या पिशवीत ठेवावा, सामानाच्या बॅगेत नव्हे.

एक गोष्ट मात्र अक्षम्य होती. बुटाची टाच बोटीला बांधून ठेवणारी दोरी ठरलेल्या लांबीचीच असावी लागते, कारण बोट उलटली तर टाच अडून पाय आपोआप बुटातून सुटला पाहिजे. आमच्या बोटीची उजवी दोरी इतकी सैल होती की तिचा काही उपयोगच नव्हता. तपासणीच्या ठिकाणी ते लगेच पकडले गेले आणि मी माझ्या बुटाची नाडी काढून तेथल्या तेथे गाठी मारल्या. मुलांना द्यायच्या बोटीत हे आधी पाहायला हवे होते.

स्पर्धास्थळाबद्दल तक्रार नाही. गाल्वे सरोवरावर बेटावरचा किल्ला दिसतो खरा, पण सिंगल स्कलमधली मुलगी पाठमोरी पुढे जात असल्याने तिला दिसतात ते फक्त सुटत जाणारे तरंगते गोळे. लेन आखणारी ही गोळ्यांची पद्धत १९६० च्या रोम ऑलिम्पिकच्या वेळी इटलीतील अल्बानो सरोवरावर वापरली गेली, म्हणून तिला आजही अल्बानो म्हणतात. शर्यतीच्या सुरुवातीच्या रेषेवर बोटीचे शेपूट धरणारी माणसे होती, लाल दिव्याचा हिरवा होताच शर्यत सुटत होती आणि दिलेल्या वेळेच्या दोन मिनिटे आधी जागेवर नसलेल्याला ताकीद मिळत होती. शर्यतींमधल्या वेळेत आम्ही किबिनाई खाल्ले. हा कराइम लोकांचा, म्हणजे त्राकायमधल्या एका छोट्या तुर्की-भाषिक समाजाचा, मटण भरून भाजलेला पदार्थ थेट करंजीच्या आकाराचा असतो आणि कडेची मुरडही तशीच असते.

प्राथमिक फेरीत १२०० मीटरनंतर वाऱ्याने बोट सरकली आणि डावे वल्हे गोळ्यावर आपटले. २००० मीटरच्या शर्यतीत अशी एक ठोकर पुष्कळ महाग पडते. शेवटी ती डी फायनलमध्ये, म्हणजे १९ ते २४ क्रमांकांच्या शर्यतीत, उतरली आणि तीत चौथी आली. योग्य मापाची बोट असती तर ती वरच्या फायनलमध्ये गेली असती, असा दावा मी करणार नाही, मुलगी करते.

परत करताना कंपनीच्या माणसाने तळावर हात फिरवून एक जुना ओरखडा दाखवला. बोट घेताना आम्ही चारही बाजूंनी काढलेले फोटो दाखवल्यावर त्याने मान डोलावली आणि अनामत रक्कम पूर्ण परत दिली. तंत्रज्ञाला पाचपैकी पाच, बोटीला साडेतीन, आणि मागणी नोंदवून घेणाऱ्या कार्यालयाला एक.