फॅटी लिव्हर झाल्यावर गूळ की साखर?
सोनोग्राफीत ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’, म्हणजे यकृतात सौम्य प्रमाणात चरबी साठलेली, निघालं की कोल्हापुरात पहिला बदल ठरलेला: चहात साखरेऐवजी गूळ. साखर म्हणजे जवळपास निव्वळ सुक्रोज. गुळातही बहुतांश तेच, सोबत थोडं लोह आणि खनिजं. सुक्रोजचा निम्मा भाग फ्रुक्टोज (फळांतली साखर), आणि जास्तीच्या फ्रुक्टोजची चरबी यकृतातच बनते. त्याला गुऱ्हाळ काय नि कारखाना काय! चवीला आपला गूळच उजवा, भौगोलिक मानांकनवाला (जीआय). पण ‘गूळच आहे की’ म्हणत खडा मोठा पडतो. त्यापेक्षा साखर परवडली, निदान चमचा मोजून घालतात. वजन जास्त असेल तर ते ७ ते १० टक्के उतरवल्यावर यकृताची सूजही कमी होऊ शकते. त्यासाठी दोन्ही डबे वरच्या फळीवर. मधुमेह असेल तर गुळालाही सूट नाही.